तिऱ्हाईताचा कैवार आणि सारथ्याचा विसर

विम्याच्या व्यवहारांत जे शब्द रूढ झाले आहेत त्यांत ‘तिऱ्हाईत’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. विमा उतरविणारा एक, त्याची जोखीम पत्करणारी कंपनी दुसरी, आणि या दोघांच्या कराराशीं कांहीं संबंध नसतां ज्याच्या अंगावर गाडी येऊन आदळते तो तिसरा, म्हणजे तिऱ्हाईत. मोटारीच्या विम्याचा सारा कायदा या तिसऱ्या माणसाभोंवतीं उभारलेला आहे. रस्त्यानें पायीं चालणारा, सायकलवरून जाणारा, समोरच्या गाडींत बसलेला, या सर्वांची काळजी त्या कायद्यानें वाहिली आहे. पण ज्याच्या हातीं सुकाणूचें चाक असतें आणि अपघाताच्या क्षणीं ज्याची छाती त्यावर आदळते, त्या चालकाचें काय? तो जखमी झाला तर त्याच्याच मोटारीचा विमा त्याला काय देतो?

ज्या घरीं मोटार किंवा ट्रॅक्टर आहे तेथें सामान्य समजूत अशी असते कीं, गाडीचा विमा उतरला म्हणजे गाडी, गाडींतील माणसें आणि गाडी हांकणारा हीं सर्वच त्या कागदाच्या छायेखालीं आलीं. हा समज कितपत खरा आहे, आणि जेथें तो खरा नाहीं तेथें तसें कां झालें, हें इतिहासाच्या आधारें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विचार करण्यास इस्लामपूर हें मोठें सोयीचें ठिकाण आहे. हें वाळवा तालुक्याचें मुख्य ठाणें. १९४९ पर्यंत तो तालुका सातारा जिल्ह्यांत होता. त्या सालीं दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० त त्यालाच सांगली जिल्हा हें नांव मिळालें. गांवाचें नांवहि बदलून ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२५ च्या जुलैंत जाहीर केला. लेखाचा विषय बहुतांशीं मागील काळाचा असल्यामुळें येथें जुनेंच नांव ठेविलें आहे. पुणें-मिरज लोहमार्ग या गांवाला स्पर्श न करितां कृष्णेच्या पलीकडून, ताकारी व किर्लोस्करवाडी येथून जातो. उलट पुणें-बंगळूर हमरस्ता जवळच्या पेठ गांवावरून जातो, आणि पेठेहून सांगलीकडे जाणारी वाट इस्लामपुरावरून जाते. ज्या गांवाला आगगाडी नाहीं त्याचा सारा भार रस्त्यावर. त्यांतून हा मुलूख कृष्णा-वारणेच्या मधला, उसाचा. साखराळ्याचा राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना आणि वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना यांच्याकडे हंगामांत उसानें लादलेल्या बैलगाड्या, मालमोटारी आणि दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चाललेले असतात. येथें ट्रॅक्टरचा मालक स्वतःच ट्रॅक्टर हांकतो, मालमोटारीवर पगारी ड्रायव्हर असतो, एस्. टी. चा चालक महामंडळाचा नोकर असतो. आणि बापाच्या नांवची मोटारसायकल मुलगा किंवा पुतण्या चालवितो. चालकाचे जेवढे म्हणून प्रकार कायद्यानें कल्पिले आहेत ते सर्व या एका तालुक्याच्या रस्त्यावर एका दिवसांत दृष्टीस पडतील. आणि गंमत अशी कीं, अपघात एकच झाला तरी या चौघांना मिळणारी भरपाई एकसारखी नाहीं.

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला असें मात्र नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाड्यांच्या अपघातांचा विचार सविस्तर केलेला आहे. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, गाडी आडवी किंवा मागें गेली, आंस अथवा चाक मोडलें, वाद्या किंवा दोर तुटले, अगर हांकणारा ‘बाजूला व्हा’ असें ओरडत असतां कोणी सांपडला, तर यांत कोणालाच दंड नाहीं, असें तेथें सांगितलें आहे. हांकणाऱ्याच्या अडाणीपणामुळें गाडी वाट सोडून गेली व कोणाला इजा झाली तर गाडीच्या मालकाला २०० पण दंड. हांकणारा जाणता असेल तर दंड त्याला. आणि अडाणी हांकणाऱ्याच्या गाडींत जे बसले असतील त्यांना प्रत्येकीं १०० पण. यान, तें हांकणारा आणि त्याचा स्वामी या तिघांचा उल्लेख तेथें स्पष्ट आहे. पण हांकणारा तेथें येतो तो अपराधी म्हणून किंवा निरपराधी म्हणून. जखमी म्हणून येत नाहीं. महाभारतांत युद्धारंभीं जे नियम ठरले त्यांत सूतावर, म्हणजे सारथ्यावर, शस्त्र चालवूं नये असा एक नियम होता. सारथि हा लढणारा नव्हे, तरी संकटांत सर्वांच्या पुढें तोच असतो, ही जाणीव त्या नियमांत आहे. युद्धांत तो नियम किती पाळला गेला हें सर्वांस ठाऊक आहे.

आधुनिक कायद्याचा उगम इंग्लंडांत असल्यामुळें आतां तिकडे वळलें पाहिजे. १८३७ सालीं तेथें फाउलर नांवाच्या एका खाटकाविरुद्ध प्रीस्टले नांवाच्या त्याच्या पोऱ्यानें फिर्याद केली. माल पोंचविण्यासाठीं धन्यानें त्याला गाडीबरोबर पाठविलें होतें. गाडी फार लादलेली होती. ती वाटेंत मोडली व पोऱ्याच्या मांडीचें हाड मोडलें. ज्यूरीनें त्याला १०० पौंड देवविले. पण वरच्या न्यायालयांत लॉर्ड ॲबिंजर यांनीं तो निकाल फिरविला. नोकर कामावर जातो तो त्या कामांतली जोखीम जाणून जातो. अशा मागण्या मान्य केल्या तर धन्यांच्या दायित्वाला सीमाच राहणार नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. यांतूनच पुढें असा सिद्धांत निघाला कीं, एका नोकराच्या चुकीनें त्याच धन्याच्या दुसऱ्या नोकराला इजा झाली तर धन्याकडे भरपाई मागतां येत नाहीं. रस्त्यावरच्या परक्या माणसाला ती मागतां येत असे; गाडीबरोबर जाणाऱ्या घरच्या नोकराला नाहीं. बाहेरचा आणि आंतला हा जो भेद आजवर मोटारीच्या विम्याला चिकटून राहिला आहे, त्याचें मूळ येथें सांपडतें.

हिंदुस्थानांत १८५५ च्या कायद्यानें एवढें झालें कीं, दुसऱ्याच्या अपराधानें कोणी मेला तर त्याच्या वारसांना दावा लावण्याचा अधिकार मिळाला. पण त्यासाठीं दुसऱ्याचा अपराध सिद्ध करावा लागे. नोकरांच्या बाबतींत खरा पालट १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानें झाला. तो १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. कामावर असतां कामाच्या निमित्तानें इजा झाली एवढें पुरेसें मानून, धन्याची चूक असो वा नसो, त्यानें ठरलेली रक्कम द्यावी, हें नवें तत्त्व त्यानें आणिलें. यांत्रिक शक्तीनें चालणाऱ्या वाहनांवरचे नोकरहि त्याच्या कक्षेंत आले. १९३८ त दुसऱ्या एका कायद्यानें १८३७ च्या त्या जुन्या सिद्धांतालाहि या देशांत रजा मिळाली. याप्रमाणें पगारी चालकाला एक आधार मिळाला. परंतु तो विम्याच्या कायद्यांतून नव्हे, नोकरीच्या कायद्यांतून मिळाला. हा फरक पुढें फार महत्त्वाचा ठरतो.

दरम्यान मोटार आली होती. १९१४ सालीं पहिला हिंदी मोटार कायदा झाला. त्यांत गाडीची नोंदणी आणि चालकाचा परवाना यांचा विचार होता, सक्तीच्या विम्याचा नव्हता. इंग्लंडांत १९३० च्या रस्तावाहतुकीच्या कायद्यानें तिऱ्हाईताच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला. त्याचाच आदर्श पुढें ठेवून आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला व त्याचें आठवें प्रकरण विम्याला वाहिलेलें होतें. तेवढें प्रकरण मात्र महायुद्ध संपल्यावर, १ जुलै १९४६ रोजीं अमलांत आलें. त्या दिवसापासून विम्यावांचून मोटार रस्त्यावर आणणें हा गुन्हा झाला.

या ठिकाणीं विम्याचे प्रकार नीट समजून घेणें अवश्य आहे. सातारा जिल्ह्यांतील सुशिक्षित कुटुंबांना विमा हा शब्द अपरिचित नव्हता. अण्णासाहेब चिरमुले यांच्या खटपटीनें १९१३ सालीं सातारा येथेंच वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी निघालेली होती. पण तो आयुष्याचा विमा. त्यांत माणूस स्वतःच्या जिवाची जोखीम कंपनीवर टाकतो. तो गेला कीं वारसांना रक्कम मिळते. कोणाची चूक होती हा प्रश्न तेथें येत नाहीं. दुसरा विमा वस्तूचा. घर जळलें, माल बुडाला, मोटार मोडली, तर त्या वस्तूच्या नुकसानीची भरपाई. दोराबजी टाटा यांनीं १९१९ त मुंबईस स्थापिलेल्या न्यू इंडिया कंपनीसारख्या संस्था या दुसऱ्या प्रकारांत काम करीत. आणि तिसरा विमा दायित्वाचा. माझ्या हातून दुसऱ्याचें जें नुकसान होईल त्याची भरपाई देण्याचा भार मजवर येतो. तो भार कंपनीनें उचलावा, हा त्याचा अर्थ. १९३९ च्या कायद्यानें सक्ती केली ती या तिसऱ्या प्रकाराची.

आतां दायित्व म्हटलें म्हणजे देणारा निराळा आणि घेणारा निराळा असावा लागतो. कोणी स्वतःच स्वतःचा ऋणको होऊं शकत नाहीं. मालकच गाडी हांकीत असतां झाडावर आदळला व त्याचा पाय मोडला, तर त्यानें भरपाई कोणाकडे मागावयाची? स्वतःकडे? आणि जें देणें मुळांत उत्पन्नच झालें नाहीं तें कंपनीनें तरी कसें फेडावें? मालक-चालक कायद्याच्या बाहेर राहिला तो कोणाच्या द्वेषामुळें नव्हे. कायद्यानें निवडलेल्या विम्याच्या जातींतच त्याला जागा नव्हती. सामान्य माणसाच्या मनांत मात्र हे तीनहि विमे एकत्र मिसळलेले असतात, आणि संकटाच्या वेळीं जो अपेक्षाभंग होतो तो या मिसळीमुळें होतो.

पगारी चालकाची गोष्ट थोडी निराळी. तो मालक नव्हे. त्याचें देणें धन्यावर येऊं शकतें. पुढें झालेल्या दुरुस्त्यांनीं आणि १९८८ च्या नव्या मोटार कायद्याच्या १४७ व्या कलमानें, नोकर म्हणून गाडी हांकणाऱ्याच्या मृत्यूबद्दल किंवा दुखापतीबद्दल १९२३ च्या कायद्याखालीं धन्यावर जें दायित्व येईल तें सक्तीच्या विम्यांत घातलें. (त्या १९२३ च्या कायद्याला २०१० त ‘कर्मचारी नुकसानभरपाई’ असें नांव मिळालें व २०२५ च्या नोव्हेंबरांत त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली.) त्यापेक्षां अधिक संरक्षण हवें असेल तर मालकानें थोडासा जादा हप्ता भरून तें घ्यावें, अशी सोय विमापत्रांत असते. यांतून एक विलक्षण स्थिति उत्पन्न झाली. उसाची मालमोटार हांकतांना पगारी चालकाला डुलकी लागली आणि तो दगावला, तर चूक त्याची असूनहि त्याच्या विधवेला कामगार-कायद्याप्रमाणें रक्कम मिळे. पण त्याच रस्त्यावर स्वतःचा ट्रॅक्टर हांकणारा शेतकरी तसाच दगावला, तर त्याच्या घरच्यांना या सक्तीच्या विम्यांतून कांहीं मिळत नसे. नोकराला जें मिळालें तें धन्याला मिळालें नाहीं.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. अपघात समोरच्या गाडीच्या चुकीनें झाला असेल, तर चालक मालक असो वा नोकर, त्या समोरच्या गाडीच्या दृष्टीनें तो तिऱ्हाईतच असतो, आणि तिच्या विमा कंपनीकडून त्याला पूर्ण भरपाई मागतां येते. १९५६ च्या दुरुस्तीनें अशा मागण्यांसाठीं दिवाणी कोर्टांऐवजीं स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची व्यवस्था झाली. १९९४ च्या दुरुस्तीनंतर तर अर्जदाराला आपण राहतो त्या भागांतील न्यायाधिकरणाकडेहि जातां येऊं लागलें. अपघात खंडाळ्याच्या घाटांत झाला म्हणून इस्लामपूरच्या माणसाला तिकडे हेलपाटे घालण्याची गरज उरली नाहीं. पगारी चालकाला तर कामगार-कायदा आणि न्यायाधिकरण यांपैकीं एक मार्ग निवडतां येतो. दोन्ही मात्र नाहींत. खरी अडचण उरते ती जेथें दुसरी गाडीच नाहीं, किंवा चूक चालकाची स्वतःचीच आहे, तेथें. टायर फुटला, खड्डा चुकवितांना गाडी उलटली, रात्रीं बंद पडलेल्या ट्रॉलीवर मोटार आदळली, अशा वेळीं ‘दोष कोणाचा’ हा प्रश्न चालकाच्याच दारांत येऊन उभा राहतो.

दोषाचा हा अडसर दूर करावा असा विचार हळूहळू बळावत गेला. १९७७ सालीं मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या मिनू मेहता यांच्या अपिलांत सर्वोच्च न्यायालयानें, निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावांचून मालकावर दायित्व येत नाहीं, असें ठरविलें. त्यावर बरीच चर्चा होऊन १९८२ त कायद्यांत ९२-अ हें कलम आलें. दोष सिद्ध न करितां मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये मिळूं लागले. १९८८ च्या कायद्यानें व १९९४ च्या दुरुस्तीनें हे आंकडे वाढत ५०,००० व २५,००० झाले. शिवाय १९९४ त १६३-अ हें नवें कलम आलें. वय आणि उत्पन्न यांच्या कोष्टकावरून, दोष न विचारतां भरपाई ठरवावी, हा त्याचा आशय होता. आतां तरी चालकाचा उद्धार होईल, असें पुष्कळांना वाटलें.

तसें झालें नाहीं. २००४ सालीं धनराज विरुद्ध न्यू इंडिया ॲशुरन्स या प्रकरणांत मालक स्वतःच्या जीपमधून जात असतां जखमी झालेला होता. विमापत्रांत ‘स्वतःचें नुकसान’ या सदराखालीं ४,९८९ रुपये हप्ता भरलेला होता. तो आपल्या शरीरासाठीं आहे असें त्याचें म्हणणें. सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं. ‘स्वतःचें नुकसान’ म्हणजे गाडीचें नुकसान. मालकाच्या देहाचें नव्हे, आणि १४७ वें कलम मालकाच्या देहाची जोखीम घेण्यास कंपनीला भाग पाडीत नाहीं, असा निर्णय झाला. मालकाच्या मोडलेल्या गाडीला पैसे आणि मोडलेल्या हाडाला कांहीं नाहीं, हा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे. शब्दांच्या हिशेबानें निर्णय अचूक होता. पण विमापत्रावरचे शब्द वाचून हप्ता भरणाऱ्याला ते काय सुचवितात, हा प्रश्न त्यानें मिटत नाहीं.

२००९ च्या निंगम्मा प्रकरणांत याहून पुढचें पाऊल पडलें. इलकलहून आपल्या गांवीं जाण्यासाठीं एका गृहस्थानें दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेतली होती. पुढें चाललेली, लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी एकाएकीं थांबली. मोटारसायकल तिच्यावर आदळून तो मृत्यु पावला. गाडी मागून घेणारा हा मालकाच्याच जागीं उभा असतो. म्हणून मालकाला जें मिळालें नसतें तें त्यालाहि १६३-अ खालीं मिळणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. २०२० च्या जानेवारींत रामखिलाडी प्रकरणांत हाच नियम पुन्हां सांगण्यांत आला. मात्र तेथें विमापत्राच्या स्वतंत्र अटीप्रमाणें १ लाख रुपये देवविण्यांत आले. याप्रमाणें ज्याच्या नांवावर गाडी नाहीं तो भरपाई मागण्यापुरता मालक ठरला.

रामखिलाडी प्रकरणांत जी स्वतंत्र अट कामास आली तिचा इतिहास आतां सांगितला पाहिजे, कारण चालकाला जें खरें संरक्षण आज आहे तें तिच्यांतच आहे. १९७३ च्या आरंभीं १०७ विमा संस्थांचें राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या. पुढें पुन्हां खासगी कंपन्या आल्या. या स्थित्यंतरानंतर २००२ च्या मोटार विमा दरपत्रकानें मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा केला. हा दायित्वाचा विमा नव्हे. हा त्याच्या स्वतःच्या देहाचा विमा आहे. आयुष्याच्या विम्याचें तत्त्व मोटारीच्या कागदांत येऊन बसलें तें येथें. रक्कम मात्र तुटपुंजी होती: दुचाकीसाठीं १ लाख, इतर वाहनांसाठीं २ लाख, आणि हप्ता अनुक्रमें ५० व १०० रुपये. २०१७ त मद्रास उच्च न्यायालयानें या रकमेच्या अपुरेपणावर बोट ठेवलें, आणि २०१८ च्या सप्टेंबरांत विमा नियामक प्राधिकरणानें ती सरसकट १५ लाख केली. त्या वेळीं वार्षिक हप्ता ७५० रुपये ठरविण्यांत आला. १ जानेवारी २०१९ पासून हा विमा गाडीच्या विमापत्रापासून वेगळा काढून स्वतंत्रपणेंहि घेतां येऊं लागला, म्हणजे दोन-तीन गाड्यांच्या मालकाला तो प्रत्येक गाडीवर घेण्याचें कारण उरलें नाहीं.

या विम्यांत काय मिळतें, हें प्रत्येक घरच्या कर्त्या माणसानें नीट जाणून घ्यावें. अपघातानें मृत्यु आला, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले, अथवा एक अवयव व एक डोळा गेला, तर संपूर्ण रक्कम. एकच अवयव किंवा एकच डोळा गेला तर निम्मी. आणि इतर इजांनीं माणूस कायमचा सर्वस्वीं निकामी झाला तर पुन्हां संपूर्ण. हा परिणाम अपघातापासून सहा महिन्यांच्या आंत झालेला असावा लागतो. मोडलेलें हाड बरें होईपर्यंतचा इस्पितळाचा खर्च आणि त्या काळांत बुडालेली मजुरी यांचा यांत समावेश नाहीं. चालक दारूच्या अमलाखालीं असेल तर कांहीं मिळत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तीन अटी: नोंदणींत मालक म्हणून त्याचें नांव हवें, विमापत्रांत त्याचेंच नांव हवें, आणि त्याच्याजवळ चालू परवाना हवा.

या तीन अटी इस्लामपूरच्या रस्त्यावर लावून पाहिल्या म्हणजे उरलेली उणीव लगेच ध्यानांत येते. आपल्याकडे शेत बापाच्या नांवावर, म्हणून कर्जहि बापाच्या नांवावर आणि म्हणून ट्रॅक्टरहि बापाच्या नांवावर. बाप साठीचा, त्यानें परवाना कधीं काढलाच नाहीं. ट्रॅक्टर हांकतो मुलगा. मुलाजवळ परवाना आहे, पण नोंदणींत त्याचें नांव नाहीं; बापाचें नांव नोंदणींत आहे, पण परवाना नाहीं. ज्याला विमा घेतां येईल तो हांकीत नाहीं आणि जो हांकतो त्याला त्या विम्याचा उपयोग नाहीं. मुलगा पगारी नोकर नव्हे, तेव्हां कामगार-कायद्याचें दारहि त्याला सहज उघडत नाहीं. गाडी भागीदारीच्या पेढीच्या किंवा एखाद्या संस्थेच्या नांवावर असली तर मालक-चालक ही कल्पनाच तेथें लागू पडत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत वस्तु सर्वांची आणि नांव एकाचें, ही शेंकडों वर्षांची रीत. विम्याचा कागद मात्र नांव आणि हात एकाच माणसाचे आहेत असें गृहीत धरून लिहिलेला आहे. या दोहोंच्या मधल्या फटींत पडतो तो घरचा कर्ता मुलगा. अशा कुटुंबानें त्या मुलाच्या नांवें स्वतंत्र अपघात विमा घेणें, किंवा विमापत्रांत इतर चालकांसाठीं जादा हप्ता भरून संरक्षण मिळतें काय हें विचारून घेणें, हाच सध्यां उपाय आहे.

कायदा मात्र थांबलेला नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें विम्याचें सारें प्रकरण नव्यानें लिहिलें गेलें. १ एप्रिल २०२२ पासून १६३-अ जाऊन त्या जागीं १६४ वें कलम आलें. दोष न विचारतां मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये द्यावे, असें त्यांत आहे. २०२५ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें रस्ते अपघातांतील जखमींना अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोख न भरतां उपचार मिळण्याची योजना जाहीर केली. जखमी मनुष्य गाडीच्या आंतला कीं बाहेरचा, मालक कीं नोकर, असा भेद तींत नाहीं. इस्पितळाच्या दारांत चालक प्रथमच इतरांच्या पंक्तीला बसला. आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, स्वतःची गाडी चालवितांना मृत्यु पावलेल्या मालकाच्या वारसाच्या मागणीच्या निमित्तानें, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठानें २००९ पासूनच्या नियमाविषयीं शंका प्रकट केली. दोष न विचारतां भरपाई देणारें कलम मालक-चालकाला खरोखरच बाहेर ठेवतें काय, हा प्रश्न त्या पीठानें मोठ्या पीठाकडे सोंपविला.

या साऱ्या इतिहासावर दृष्टि टाकली म्हणजे असें दिसतें कीं, कायद्यानें चालकाकडे प्रथम अपराधी म्हणून पाहिलें, मग नोकर म्हणून, मग मालक म्हणून; जखमी मनुष्य म्हणून त्याच्याकडे पाहण्यास त्याला फार वेळ लागला. तिऱ्हाईताचा कैवार कायद्यानें घेतला हें योग्यच झालें. ज्यानें कांहीं केलें नाहीं त्याचें दुःख प्रथम पाहावें, हें न्यायाला धरूनच आहे. परंतु गाडी हांकणाराहि कोणाचा तरी बाप किंवा मुलगा असतो, आणि त्याची चूक झाली म्हणून त्याच्या घरची चूल अधिक काळ पेटती राहते असें नाहीं. १९२३ च्या कायद्यानें नोकराच्या बाबतींत हें मान्य केलें. मालकाच्या बाबतींत तें मान्य होण्यास २००२ साल उजाडावें लागलें. आणि घरच्या गाडीवर बसणाऱ्या मुलाच्या बाबतींत तें पुरतें मान्य होणें अद्याप बाकी आहे. न्यायालयें आणि कायदेमंडळें आपल्या गतीनें चालतील. तोंवर पुढच्या हंगामाचा ऊस तोडणीला येण्याआधीं विमापत्राची घडी उलगडून त्यावर कोणाचें नांव आहे, नोंदणीवर कोणाचें आहे आणि परवान्यावर कोणाचें आहे, हीं तीन नांवें ताडून पाहणें मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हातीं आहे. तीं जुळत नसतील, तर ज्या रात्रीं मुलगा ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे निघतो त्या रात्रीं तो विम्यावांचूनच निघतो, हें घरांतील वडील माणसांनीं ओळखलें पाहिजे.